अनुजाचा अर्धा कीबोर्ड

मे महिन्यातल्या एका दुपारी ताराकाकू उन्नतीच्या घरी आल्या. ऊन असं होतं की भिलाईच्या त्या सेक्टरच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं, आणि ही बाई रिसालीहून डोक्यावर पदर घेऊन पायी आली होती. हातात कापडाची पिशवी होती. उन्नतीच्या आईनं, वंदनाबाईंनी दार उघडलं. काय बोलावं ते न सुचून त्या आधी पाणी आणायला आत गेल्या. ताराकाकूंची एकुलती एक मुलगी अनुजा जाऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता.

उन्नती पुढच्याच खोलीत होती, कॉम्प्युटरच्या टेबलासमोर. कॉम्प्युटर बंद होता. ती नुसती बसली होती. हल्ली ती बराच वेळ अशी बसून राहायची, आणि कोणी हाक मारली की उठायची.

"कशी हायेस पोरी?"

"बरी आहे काकू."

"हात?"

"आहे तसाच."

काकूंनी पिशवीतून एक काळी वस्तू काढून तिच्या मांडीवर ठेवली. वायर नीट गुंडाळून वर रबर लावलेलं होतं. "हे तुझ्याकडे राहू दे," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी याले कोण हात लावते?"

तो अनुजाचा गेमिंग कीपॅड होता. डाव्या हाताचा पंजा बरोबर बसेल असा आकार, चार बोटांखाली छोट्या छोट्या बटनांच्या ओळी, आणि अंगठ्याशी एक बुटकी दांडी, जिकडे ढकलावी तिकडे खेळातला आपला माणूस चालणार. अनुजानं हा पहिल्या पगारात मागवला होता तेव्हा उन्नती पोट धरून हसली होती. "दुकानदारानं तुला फसवलं. कीबोर्ड अर्धाच पाठवला," असं ती म्हणाली होती. तेव्हापासून त्याचं नाव अर्धा कीबोर्डच पडलं.

दोघी अकरावीपासूनच्या मैत्रिणी. घरचीही ओळख होती. दोघींचे वडील भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये, दोन्ही घरं मूळची भंडाऱ्याकडची. अनुजा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरवर बसायची, उन्नती एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात. संध्याकाळी दोघी आपापल्या घरी कॉम्प्युटरसमोर बसत आणि कानाला हेडफोन लावून बंदुकीचा खेळ खेळत. टीममध्ये आणखी दोघं होते, भिलाई-३ चा राहुल आणि दुर्गचा गुड्डू. राहुलचे वडील रेल्वेत, गुड्डूचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. चौघं मिळून खेळत, चौघं मिळून हरत, आणि हरल्यावर एकमेकांना शिव्या देत. बाकीच्या जगाला यातलं काही कळत नसे आणि त्यांना कळवायचंही नसे.

एप्रिलमध्ये उन्नतीच्या मावसबहिणीचा साखरपुडा होता, उतईला. दोघी स्कूटीवरून गेल्या. येताना अनुजा चालवत होती. एका वळणावर कुठल्यातरी ट्रकमधून सांडलेली बारीक गिट्टी रस्त्यावर पसरली होती, त्यावरून पुढचं चाक सटकलं. वेग नव्हता. समोरून कोणी आलं नव्हतं. गाडी एकीकडे गेली, अनुजा दुसरीकडे. उन्नती डाव्या कोपरावर आपटली. तिनं मान वळवून पाहिलं तर अनुजा उठून बसली होती. "माझी चप्पल कुठंय?" असं अनुजानं विचारलं. उन्नतीनं चप्पल शोधायला इकडंतिकडं पाहिलंसुद्धा. मार डोक्याच्या आत लागला होता, वरून काही दिसत नव्हतं. दवाखान्यात पोचेपर्यंत अनुजा गेली.

उन्नतीचं कोपर मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसली. ती शुद्धीवर येऊन घरी आली तोवर तिकडे सगळं आटोपलं होतं, अस्थी शिवनाथ नदीत गेल्या होत्या. लोक भेटायला येत. बायका तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणत, "रड वं पोरी, मोकळी हो." उन्नती त्यांच्याकडे पाहत राही. रडायला हवं हे तिला समजत होतं. पण डोळ्यांतून टिपूस निघत नव्हतं, आणि निघत नाही याचंही तिला काही वाटत नव्हतं. आई ताटात जे वाढेल ते ती खायची. मीठ विसरलं तरी तिला कळायचं नाही.

डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं होतं, त्यांत जोरही उरला नव्हता. कोपराजवळची नस दबली आहे, परत येईल, नाहीही येणार, असं डॉक्टर म्हणाले होते. एकदा चहाचा स्टीलचा ग्लास तिनं त्या हातानं धरला. आईनं ग्लास हिसकावून घेतला तेव्हा करंगळीवर फोड आला होता. "अवं, तुले समजत नाई का?" आई ओरडली. नव्हतं समजलं.

खेळायचा प्रयत्न तिनं एकदा केला होता. कीबोर्डवर डावा हात ठेवला की मधलं बोट पुढं-मागं न्यायला, पहिलं बोट उजवीकडे जायला, करंगळीशेजारचं बोट डावीकडे जायला आणि करंगळी पळायला. इतकी वर्षं हा हिशेब बोटांनी आपोआप केला होता. आता तिला पळता येईना आणि डावीकडे जाता येईना. ती खेळातल्या एका अंगणात उभी राहून गोल गोल फिरत राहिली. कानात गुड्डू ओरडत होता, "लेफ्ट आ यार, लेफ्ट!" तिनं हेडफोन काढून ठेवला आणि कॉम्प्युटर बंद केला. त्यानंतर तो बंदच होता.

आता ताराकाकू समोर बसून पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं, आणि म्हणाल्या, "एक काम करशील का? मले दाखव."

"काय दाखवू काकू?"

"अनुजा काय पाहत होती ते. मी कधी पाहिलंच नाई. दारातूनच म्हणत होती, बंद कर ते, जेवाले ये. आत जाऊन कधी पाहिलं नाई बाप्पा, की ही पोरगी एवढं काय पाहून राहिली."

उन्नतीनं कॉम्प्युटर सुरू केला. वायरचं रबर काढलं, कीपॅड जोडला, त्यावर हात ठेवला. अंगठ्यानं दांडी डावीकडे ढकलली. स्क्रीनवर बंदूक धरलेले दोन हात तेवढे दिसत होते, त्यांच्यासमोरची भिंत सरकली. ती डावीकडे गेली होती. चालायला त्या दोन बोटांचं कामच नव्हतं. चालणं, पळणं सगळं अंगठ्याकडे आलं होतं. आनंद व्हायला हवा होता. तिनं पुन्हा एकदा डावीकडे जाऊन पाहिलं, फक्त खात्री करायला.

बटनांवर कसली अक्षरं नव्हती. कुठलं बटन कशासाठी हे ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि ठरवलेलं त्या कीपॅडच्या आतच साठून राहायचं. उन्नतीनं एकेक दाबून पाहिलं. पहिल्या बोटाखाली गोळ्या भरायचं. त्याच्या वर उडी. मधल्या बोटाखाली दार उघडायचं. म्हणजे सगळं अनुजानं ठेवलं होतं तसंच होतं. शेजारच्या बोटाखाली धूर फेकायचं बटन, आणि करंगळीखाली क्राउच, म्हणजे खाली बसायचं. ही दोन तिच्या बोटांना लागत नव्हती.

"ही बटनं तिनंच लावलेली आहेत," उन्नती म्हणाली. "तिच्या बोटांच्या हिशेबानं."

काकूंनी मान पुढं करून कीपॅडकडे पाहिलं. स्क्रीनकडे त्यांनी नंतर पाहिलं.

त्या दिवसापासून काकू येऊ लागल्या. रोज नाही, पण आठवड्यातून बऱ्याचदा, घरचं आटोपून, अनुजाचे वडील दयारामकाका ड्यूटीवर असताना. पलंगावर पाय वर घेऊन बसायच्या आणि पाहायच्या. पहिले काही दिवस त्यांना काहीच उमगत नव्हतं. मग हळूहळू त्यांना आपला कोण आणि लाल रंगातला दुसऱ्याचा कोण ते समजू लागलं. नकाशातली विहीर, पडका कारखाना, जिना, हे त्यांना पाठ झालं. जूनच्या शेवटापर्यंत त्या मधेच ओरडू लागल्या, "मांगं पाहा पोरी, मांगं! तो लाल्या जिन्यात बसून हाय!" आणि उन्नती वळायची तोवर उशीर झालेला असायचा.

ती पूर्वी बरी खेळायची. आता ती दर वेळी मरायची, कारण तिला खाली बसता येत नव्हतं. भिंत कमरेइतकी असली तर तिच्यामागं बसून राहावं आणि वेळ आली की उठावं, हे या खेळातलं पहिलीचं गणित. उन्नती भिंतीमागं उभी राहायची. डोकं वर दिसायचं. दोन सेकंदांत गोळी यायची.

"तू बैठती क्यों नहीं?" राहुल कानात कळवळून विचारायचा. "बैठ ना यार!"

"बटन नहीं लगता."

"तो बदल दे ना! एक मिनट का काम है."

एक मिनिटाचंच काम होतं. सेटिंग उघडायचं, करंगळीखालचं बटन अंगठ्याजवळ आणायचं, साठवायचं. उन्नतीला ते येत होतं. तिनं केलं नाही. का केलं नाही, असं कोणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. हात तिथं जात नव्हता एवढंच. उभं राहून मरण्याचा तिला काही त्रासही नव्हता. स्क्रीन लाल व्हायची, मग करडी व्हायची, मग ती पुढच्या राउंडची वाट पाहायची.

तिचे वडील देवाजी प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी उभ्या उभ्या ती दांडी पाहिली. "आमच्या केबिनात असाच दांडा राहते," ते म्हणाले. "फक्त मोठा राहते." उन्नतीनं त्यांना खुर्ची दिली. त्यांनी मोठ्या सन्मानानं पंजा ठेवला, अंगठा दाबला आणि सरळ भिंतीवर गेले. भिंतीला नाक लावून बराच वेळ चालत राहिले.

"मांगं घ्या बाबा."

"मांगं कसं घेऊ? इथं घंटी नाई, खालून इशारा देणारा कोणी नाई," असं म्हणून ते उठले, आणि ताराकाकू पहिल्यांदा हसल्या. हसल्या आणि लगेच तोंडावर पदर घेतला.

आईला हे सगळं पटत नव्हतं. स्वयंपाकघरात ती उन्नतीला हळू आवाजात म्हणाली, "त्या बाईची पोरगी गेली, अन् तू तिले बंदुका दाखवून राहिली. लोक मरताना दाखवून राहिली. कावून?"

"त्याच येतात."

"येतात म्हणून दाखवाचं का?"

आईनं कढीला फोडणी दिली, मिरचीचा ठसका उठला, आई खोकली. उन्नतीही खोकली.

जाताना काकू एक गोष्ट नेमानं करायच्या. चपला घालण्याआधी टेबलाजवळ यायच्या आणि आपला डावा पंजा कीपॅडवर ठेवायच्या. दाबायच्या काही नाहीत. बोटं जाड होती, दोन दोन बटनं झाकली जायची. क्षणभर तशा उभ्या राहायच्या, मग "येतो वंदनाबाई" असं आतल्या बाजूला सांगून निघायच्या.

ऑगस्टमध्ये सुपेल्याच्या एका गेमिंग कॅफेत आसपासच्या टीमची स्पर्धा होती. राहुलनं नाव देऊन टाकलं. अनुजाच्या जागी त्यांनी पीयूष नावाचा एक मुलगा घेतला होता; चांगला खेळायचा, फार बोलायचा नाही. उन्नतीनं येत नाही म्हटलं असतं तर चाललं असतं, पण नाही म्हणायलाही एक जोर लागतो. ती कीपॅड पिशवीत घालून गेली.

कॅफेत एसीचा गारवा होता आणि नूडल्सचा वास. मुलगी ती एकटीच. पहिला सामना ते हरले, आणि तिच्यामुळे हरले हे सगळ्यांनी पाहिलं. ती तीनदा एकाच भिंतीमागं उभी राहून मेली. उन्नती उठून तोंडावर पाणी मारायला गेली.

ती परत आली तेव्हा गुड्डू तिच्या खुर्चीत बसला होता. तो खूश दिसत होता.

"सुन, तेरा काम कर दिया. क्राउच अंगूठे के पास डाल दिया, स्मोक भी पहली उँगली के ऊपर. अब आराम से बैठ."

"इसी कंप्यूटर में किया ना?"

"नहीं रे, कीपॅड में ही सेव्ह कर दिया. घर पे भी यही रहेगा."

"पुराना वाला?"

"पुराना तो उसके ऊपर लिख गया. उसका क्या करना था?"

राहुल पलीकडच्या खुर्चीत होता. अनुजानं कीपॅड घेतला तेव्हा फोनवर तासभर बसून तिला बटनं लावायला त्यानंच शिकवलं होतं. त्याचा चेहरा उतरला. "गुड्डू," तो म्हणाला, "वो अनुजा का था."

गुड्डूला आधी समजलं नाही. मग समजलं. तो खुर्चीतून उठला, उन्नतीकडे पाहिलं, कीपॅडकडे पाहिलं, आणि हात मागं घेतले.

"ठीक है," उन्नती म्हणाली. तिनं खुर्ची ओढली आणि बसली. "अगला किसके साथ है?"

दुसऱ्या सामन्यात तीच भिंत आली. अंगठा थोडा खाली नेला, दाबला, आणि ती बसली. वरून गोळ्या गेल्या. भिंतीचा चुना उडाला. ती बसून राहिली, मग उठली, दोघांना टिपलं, पुन्हा बसली. किती सोपं होतं. तो सामना ते जिंकले. मागं उभ्या असलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिसरा हरले आणि स्पर्धा संपली.

ऑटोतून घरी येताना पिशवी तिच्या मांडीवर होती. काहीतरी फार मोठं झालं आहे, आता काहीतरी होईल, असं वाटून ती वाट पाहत होती. शेजारी एक बाई कोथिंबिरीची जुडी घेऊन बसली होती. ऑटोवाला फोनवर कोणाशी तरी छत्तीसगढीत भांडत होता. उन्नतीला काही झालं नाही. सगळी बटनं तिला पाठ होती. घरी जाऊन ती होती तशी परत लावता आली असती; कोणाला फरकही समजला नसता. पण मग ती उन्नतीनं लावलेली असती. तिनं पिशवीवरचा हात काढून ऑटोच्या दांड्याला धरला.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या. पलंगावर बसल्या, पाय वर घेतले. उन्नतीनं कॉम्प्युटर सुरू केला नाही.

"काकू, अनुजाची बटनं गेली."

"गेली म्हणजे?"

"तिनं लावलेलं सगळं पुसलं गेलं. गुड्डूनं केलं. त्याला माहीत नव्हतं. मला खाली बसता यावं म्हणून त्यानं बदललं. आता त्यात तिचं काही नाही."

आत कुकरची शिट्टी झाली. काकू टेबलाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "परत येत नाई का ते?"

"नाही."

काकूंचा हात मांडीवर होता. त्या एका हातानं दुसऱ्या हाताची बोटं ओढत होत्या, एकेक करून, जसं आई लहान मुलाची बोटं मोडते. मग म्हणाल्या, "म्हणजे आता तुले बसता येते?"

"येतं."

"मंग इतके दिवस तू त्याच्यासाठीच उभी राहत होती का?"

उन्नतीनं कीपॅडची वायर बोटाभोवती गुंडाळली.

"माह्यासाठी?"

"माहीत नाही काकू."

"वेडी होय का तू," ताराकाकू म्हणाल्या. आवाज रागाचा होता. "मी इथं बसून रोज पाहून राहिली, ही पोट्टी कावून मरते, कावून मरते. मले वाटलं, तुले येतच नाई. बसता येते तर बस ना. किती उभी राहशील?" मग त्यांचा चेहरा एकदम विस्कटला. त्या रडल्या, मोठ्यानं, घशातून आवाज काढून. आई स्वयंपाकघरातून धावत आली, त्यांच्याजवळ बसली, त्यांना कुशीत घेतलं, आणि तीही रडू लागली. उन्नती खुर्चीत बसून दोघींकडे पाहत होती. थोड्या वेळानं तिनं उठून कुकरखालचा गॅस बंद केला, कारण तो कोणीतरी बंद करायला हवा होता.

त्या दिवशी काकूंनी जाताना कीपॅडला हात लावला नाही.

त्यानंतर त्या बरेच दिवस आल्या नाहीत. गुड्डूचा फोन मात्र रोज यायचा. उन्नती उचलत नव्हती. शेवटी तो खेळातच भेटला. "मुझे किसी ने बताया नहीं था," असं तो हेडफोनमधून म्हणाला आणि रडू लागला, नाक ओढत, लहान पोरासारखा. "मेरी भी दोस्त थी वो. मैं जान के करता क्या?" उन्नतीनं त्याचं ऐकून घेतलं. मग आवाज थोडा कमी केला. तो रडून होईपर्यंत ती नकाशातल्या विहिरीजवळ बसून राहिली, आणि पलीकडून येणाऱ्यांना तिनं तिथं येऊ दिलं नाही. "हो गया?" तिनं विचारलं. "हो गया," गुड्डू म्हणाला.

पोळा झाला. आईनं शेजारून आलेल्या ठेठरीतली, म्हणजे बेसनाच्या तळलेल्या कडबोळ्यांतली, अर्धी डब्यात भरली आणि रिसालीला पाठवायची म्हणून ठेवली. न्यायला कोणी नव्हतं. शेवटी आईच स्वतः घेऊन गेली. आल्यावर म्हणाली, ताराबाई बऱ्या हायेत, येतो म्हणाल्या. उन्नतीनं सप्टेंबरपासून पुन्हा ऑफिसात जायला सुरुवात केली, अर्धा दिवस. टायपिंग सावकाश व्हायचं. कोणी काही म्हणत नव्हतं.

काकू परत आल्या त्या एका संध्याकाळी. आधी काही सांगितलं नव्हतं. "आज सुट्टी असंन तुले," असं म्हणत त्या नेहमीच्या जागी बसल्या. उन्नतीनं खेळ लावला. राहुल, गुड्डू, पीयूष आले. काकूंनी विचारलं, "गुड्डू कोणता?" उन्नतीनं दाखवला. "बरा खेळते," काकू म्हणाल्या.

दिवेलागणीला दारात दयारामकाका येऊन उभे राहिले. ड्यूटी संपवून ते घरी गेले होते, घराला कुलूप पाहून थेट इकडे आले होते. अनुजा गेल्यापासून ते या घरी आले नव्हते. खरं तर कुठंच जात नव्हते. जादा ड्यूट्या मागून घ्यायचे आणि घरी आले की भिंतीकडे तोंड करून झोपायचे, असं काकू सांगायच्या.

"चाल," ते काकूंना म्हणाले.

"थांबा ना, एवढी राउंड होऊ द्या."

"काय होऊ द्या?"

"राउंड. या, बसा इथं."

काकांनी दारात बूट काढले आणि पलंगाच्या अगदी कडेला बसले, कोणी उठ म्हणेल तर लगेच उठता यावं असे. आई चहा टाकायला आत गेली. काका स्क्रीनकडे न पाहता टेबलाकडे पाहत होते.

"हे पोरीचं होय ना?" कीपॅडकडे बोट करून त्यांनी विचारलं.

"होय," काकू म्हणाल्या. "आता उन्नती वापरते."

स्क्रीनवर उन्नती पडक्या कारखान्यात शिरली होती. ती भिंतीमागं बसली, उठली, जिन्याकडे वळली. वरच्या पायरीवर कोणीतरी होतं. बंदूक वाजली. स्क्रीन लाल झाली, मग करडी.

"मेली का?" काकांनी विचारलं.

आई चहाचे कप घेऊन दारातच थबकली. उन्नतीनं मागं वळून पाहिलं नाही.

"मेली," काकू म्हणाल्या. आवाज साधा होता. "पण या खेळात पुढल्या राउंडले परत येते. थांबा थोडं."

"हं," काका म्हणाले.

आईनं त्यांच्या हातात कप दिला. त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली, भुरका मारला. उन्नतीला मागून तो आवाज ऐकू येत होता. तिचा डावा हात कीपॅडवर होता आणि उजवा माउसवर. कानात राहुल सांगत होता की आता विहिरीकडून जाऊ. स्क्रीनवरचं घड्याळ उलटं सरकलं आणि नवी राउंड सुरू झाली. अंगण, विहीर, पुढं पळणारे राहुल, गुड्डू आणि पीयूष.

काका थोडे पुढं सरकले. "यातली उन्नती कोणती?"

"ती नाई दिसत," काकू म्हणाल्या. "तिचे फक्त हात दिसतात."

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला, आणि ते हात पाहत बसले.